ऐकून घेतले, लिहून कोण घेणार?

आपल्या देशात मोठा साखर कारखाना काढायचा किंवा वाढवायचा असेल, तर आधी लोकांसमोर सुनावणी घ्यावी लागते. केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत तिची सगळी रीत ठरवून दिली आहे. निदान ३० दिवस आधी नोटीस. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी. किती माणसे जमली पाहिजेत अशी अट नाही. दोघे आले तरी सुनावणी होते. कामकाजाचे चित्रीकरण. शेवटी कोण काय बोलले याचा गोषवारा तिथेच, लोकांच्या भाषेत, वाचून दाखवायचा. लोकांचे मुद्दे आणि त्यावर कंपनीचे म्हणणे, दोन्ही लेखी. या सुनावण्यांत नाटक किती चालते हे ठाऊक असूनही मी हे सांगतो आहे. नाटकाला का होईना, पण रंगमंच कायद्याने बांधून दिलेला आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर येतात का, औषध मिळते का, बाळंतिणीला गाडी मिळते का, हे भर सभेत विचारायला आणि त्याचे लेखी उत्तर घ्यायला महाराष्ट्रात असा कायदा नाही. कारखान्याच्या धुराबद्दल नागरिक म्हणून बोलता येते. दवाखान्याबद्दल बोलायचे तर कुणाची तरी मेहेरबानी लागते.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात ही गोष्ट जास्त खुपते, कारण इथे ते एकदा करून दाखवले गेले आहे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्याच्या आराखड्यात लोकांनीच आरोग्यसेवेवर देखरेख ठेवावी अशी तरतूद होती. २००७ मध्ये महाराष्ट्रात या लोकाधारित देखरेखीसाठी पाच जिल्हे निवडले गेले: अमरावती, उस्मानाबाद, पुणे, ठाणे आणि नंदुरबार. प्रत्येक जिल्ह्यात तीन तालुके, तालुक्यात तीन प्राथमिक आरोग्य केंद्रे, केंद्रामागे पाच गावे. राज्य पातळीवर पुण्याची 'साथी' ही संस्था समन्वय करत होती. गावाच्या समितीने सेवेला रंग द्यायचा. चांगली असेल तर हिरवा, बरी असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. अक्षर न वाचणाऱ्या बाईलाही आपल्या गावचा तक्ता समजत होता. मग आरोग्य केंद्र, तालुका आणि जिल्हा अशा पायऱ्यांवर जनसुनावणी. अधिकारी समोर, लोक समोर, आणि मध्ये तो रंगीत तक्ता.

जनसुनावणी हा शब्द आपल्याकडे राजस्थानातून आला. मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात पहिली जनसुनावणी घेतली. रोजगाराच्या कामांची हजेरीपत्रके गावासमोर वाचली, आणि कोणाच्या नावावर कोणी पैसे उचलले ते उघडे पडले. पुढे देशाला माहिती अधिकाराचा कायदा मिळाला, त्याची मुळे तिथे आहेत. आरोग्याच्या बाबतीत २००४ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने जन स्वास्थ्य अभियानासोबत देशाच्या वेगवेगळ्या भागांत सुनावण्या घेतल्या. म्हणजे ही काही चार कार्यकर्त्यांची हौस नव्हती.

याचा उपयोग झाला का? झाला. पाच जिल्ह्यांतल्या पहिल्या फेरीत गावांनी जेमतेम निम्म्या सेवांना 'चांगले' म्हटले होते, तिसऱ्या फेरीपर्यंत हे प्रमाण दोन तृतीयांशाच्या आसपास गेले. आकड्यांपेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. इंजेक्शनचे पैसे घेणे, बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी देणे, जननी सुरक्षा योजनेचे पैसे अडवून ठेवणे या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात आणि कोणी बोलत नाही. सुनावणीत एक जण बोलला की दहा जणांच्या माना हलतात. अधिकाऱ्यालाही त्या माना दिसतात.

तरीही हा सगळा डोलारा दर वर्षाच्या सरकारी आराखड्यातल्या मंजुरीवर उभा राहिला. मंजुरी आली, निधी आला, तर सुनावणी. रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात कलम १७ घातले गेले. ग्रामसभेने सामाजिक अंकेक्षण करायचे हे त्यात लिहिले गेले. मेघालयाने २०१७ मध्ये सरकारी योजनांच्या सामाजिक अंकेक्षणाचा स्वतंत्र कायदाच केला. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, डॉक्टर रस्त्यावर उतरले तरी केला. महाराष्ट्र स्वतःला पुरोगामी म्हणवतो आणि जनसुनावणीला प्रकल्प समजतो. प्रकल्प संपतो, हक्क संपत नाही, हा फरक मंत्रालयात कोणाला कळत नसेल असे मला वाटत नाही. तो कळतो, म्हणूनच कायदा होत नाही.

आठ-नऊ वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका तालुक्यात मी अशा सुनावणीत बोललो. पुण्याहून सुट्टीत आलो होतो. पंचायत समितीच्या सभागृहात शंभर-सव्वाशे माणसे होती, बहुतेक पाड्यांवरून आलेली, बायका जास्त. माझ्या आपाच्या बाळंतपणाचे प्रकरण मी मांडले. सरकारी दवाखान्यात बाळंतपण नीट झाले, नर्सबाईंनी मनापासून केले, हेही सांगितले. घरी सोडायच्या वेळी मात्र गाडीवाल्याने डिझेलचे ६०० रुपये मागितले आणि आमच्या दुल्हाभाईंनी ते दिले. जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला दवाखान्यात आणणे आणि घरी पोचवणे मोफत आहे. जननी सुरक्षा योजनेत पात्र ग्रामीण बाळंतिणीला ७०० रुपये मिळतात, ते आपाच्या खात्यात तोवर आलेच नव्हते. मी एवढेच विचारले की हे ६०० कोणत्या नियमाने घेतले?

समोरून प्रश्न आला, "लेखी तक्रार आहे का तुमची?"

मी म्हटले, साहेब, मी आत्ता तुमच्यासमोर उभा राहून बोलतो आहे, हीच तक्रार. सभागृहात हशा पिकला. साहेबही हसले आणि म्हणाले, बघतो.

माझे गाऱ्हाणे किरकोळ होते. माझ्यानंतर धडगावकडच्या एका पाड्यावरची वयस्क बाई उभी राहिली. ती पावरीत बोलली. मला पावरी येत नाही; आमच्या घरात उर्दू, बाजारात अहिराणी, शाळेत मराठी. शेजारी बसलेला कार्यकर्ता हळू आवाजात मराठीत सांगत होता आणि मी लॅपटॉपवर उतरवत होतो, कारण संयोजकांना त्यांच्यासाठी वेगळे टिपण हवे होते आणि टाइप करणारा मी एकटाच होतो. सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. पाड्यावर रेंज नाही, म्हणून मुलगा टेकडीवर चढून फोन लावायला गेला. गाडी वर येणार नाही, रस्त्यापर्यंत या, असे उत्तर मिळाले. बांबूला झोळी बांधून चार जणांनी उचलली. वाटेत उपकेंद्र होते, त्याला कुलूप. रस्त्यावर आले तर गाडी नाही. ती येऊन थांबून परत गेली, असे नंतर कळले. बाळ रस्त्याच्या कडेला जन्मले. दोघे वाचले. बाईचे म्हणणे गाडीबद्दल नव्हतेच मुळी. ती विचारत होती की कुलपाची किल्ली कोणाकडे असते? नर्सबाई रजेवर गेल्या तर ती किल्ली गावात कोणाकडे ठेवून जात नाहीत का? आत कोरडी जागा होती, दिवा होता, खाट होती. मुलगी पावसात का बाळंत झाली?

माझ्या टिपणात ते दीड पान झाले. काही आठवड्यांनी सुनावणीचे अधिकृत इतिवृत्त हाती आले. त्यात त्या बाईच्या पाड्याच्या नावापुढे एक ओळ होती: वाहन वेळेवर मिळाले नाही, संबंधितांना सूचना देण्यात आल्या. किल्ली गेली, कुलूप गेले, पाऊस गेला. माझे ६०० रुपये तर नव्हतेच, त्याचे मला काही वाटले नाही. पण तिचा प्रश्न साधा होता, एका चावीने सुटणारा होता, आणि तोच नेमका गाळला गेला. वाहनाचा प्रश्न मोठा असतो, वरच्या पातळीवरचा असतो, त्याला निधी लागतो. म्हणून तो लिहिणे सोयीचे. किल्लीला जबाबदार माणूस असतो.

माझा जो आक्षेप आहे तो इथे आहे. लोकांना बोलू देणे हे अर्धेच काम झाले. बोललेले जसेच्या तसे कोण लिहितो, कोणत्या भाषेतून लिहितो, आणि ते बोलणाऱ्याला परत वाचून दाखवतो का, यावर सगळे ठरते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आमच्या जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिली, पावरी, मावची बोलणाऱ्यांची गाऱ्हाणी मराठीत येताना चाळणीतून जातात आणि चाळणी धरणारा हात ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे आहे त्याच्याच खात्याचा असतो. साखर कारखान्याच्या सुनावणीला लागू असलेला 'वाचून दाखवा' हा एक नियम जरी इथे असता, तरी त्या बाईने तिथल्या तिथे सांगितले असते की मी गाडीबद्दल बोललेच नाही.

आता माझ्या धंद्यातली माणसे यावर जो उपाय सुचवतात त्याबद्दल. दर दोन वर्षांनी कोणीतरी उत्साही माणूस म्हणतो, एक ॲप करू या. नंदुरबारसाठी आरोग्य तक्रार ॲप, फोटो टाका, लोकेशन टाका, डॅशबोर्डवर लाल ठिपका. मला यासाठी तीनदा विचारणा झाली आणि तिन्ही वेळा मी नाही म्हटले. सॉफ्टवेअर लिहूनच मी पोट भरतो, तेव्हा यंत्राचा तिटकारा असण्याचे कारण नाही. पण त्या पाड्यावर रेंज नाही हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की ॲपमध्ये माणूस एकटा असतो. एकट्याची तक्रार एका बटणाने बंद करता येते. मी स्वतः एका सरकारी पोर्टलवर पाण्याच्या टाकीबद्दल तक्रार केली होती. ती 'संबंधित विभागाकडे वर्ग केली' असे लिहून 'निकाली' काढण्यात आली. आमच्या कंपनीत कोणी प्रोग्रॅमरने असा बग बंद केला तर टेस्टर दुसऱ्या मिनिटाला तो पुन्हा उघडतो. ज्याने चूक सापडवली तो 'हो, सुटले' म्हणेपर्यंत काम संपत नाही, हा आमच्याकडचा अगदी प्राथमिक नियम. सरकारी खात्यात तक्रार सुटली की नाही हे तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे तोच ठरवतो. असल्या व्यवस्थेवर कितीही देखणा डॅशबोर्ड चढवला तरी काय होणार? ठिपके हिरवे होतील. मुलगी पावसातच बाळंत होईल.

डॉक्टरांची बाजूही आहे आणि ती मी टाळणार नाही. माझ्याबरोबर शिकलेला एक मित्र आदिवासी भागात वैद्यकीय अधिकारी आहे. तो म्हणतो, सुनावणीत आम्हाला बळीचा बकरा करतात; जागा रिकाम्या, औषध वरून येत नाही, क्वार्टरचे छप्पर गळते आणि लोकांच्या शिव्या मात्र आम्हाला. त्याचे खरे आहे. अक्कलकुव्याहून मोलगीचा घाट चढून जाऊन तिथे राहणाऱ्या डॉक्टरला भर सभेत खाली पाहायला लावणे हा काही न्याय नव्हे. पण यावर उपाय सुनावणी बंद करणे हा नाही. ज्याच्या सहीने जागा भरते आणि औषध निघते तो माणूस त्या खुर्चीत आणून बसवणे हा उपाय आहे. आमच्या सुनावणीत सगळ्यात वर तालुका आरोग्य अधिकारी होते. त्यांच्या हातात बदलीही नाही आणि खरेदीही नाही. उलट, डॉक्टरलाही लोकांसमोर सांगता आले पाहिजे की मी अमुक औषध तीन वेळा मागितले आणि ते आले नाही. गावाला एकदा हे कळले की गाव डॉक्टरच्या बाजूने उभे राहते.

लोक आरडाओरडा करतात, राजकारण आणतात, हाही आक्षेप आहे. अमेरिकेत कोविडच्या काळात स्थानिक आरोग्य मंडळांच्या सभांत लोकांनी मास्क आणि लशींवरून अधिकाऱ्यांना धमक्या दिल्या, हे साऱ्या जगाने पाहिले. तरीही तिथे 'सार्वजनिक टिप्पणी'ची रीत टिकून राहिली. कॅलिफोर्नियात १९५३ चा ब्राउन कायदा आहे. स्थानिक संस्थेने बैठक उघड घ्यायची आणि लोकांना बोलायला वेळ द्यायचा. दोन-तीन मिनिटे मिळतात, घड्याळ लावतात, मूर्ख माणसालाही तेवढीच मिळतात. आपल्या रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत, जिथे दवाखान्याच्या पैशाचा निर्णय होतो, तिथे साधा नागरिक दाराच्या आतही जाऊ शकत नाही. सदस्यांची नावे विचारली तर फलकाकडे बोट दाखवतात आणि फलकावरची अक्षरे उडालेली असतात.

आता आपल्या लोकांशी थोडे बोलायचे आहे. त्या सुनावणीत मुसलमान म्हणून मी आणि एक आशाताई, असे दोघेच होतो. नंतर मोहल्ल्यात सांगितले तेव्हा एका बुजुर्गांनी विचारले, "बेटा, वो तो आदिवासियों का मसला है, तू वहाँ क्यों गया?" हे वाक्य मी विसरू शकत नाही, कारण ते बोलणारा माणूस सज्जन आहे आणि त्याची नातसून त्याच दवाखान्यात जाते. आपल्या बैठका कशावर होतात? कब्रस्तानची भिंत, वक्फची जमीन, जुलूसचा रस्ता. सगळे जरुरीचे विषय आहेत. पण आपल्या बायका मूल जन्माला घालायला जातात तो दवाखाना आपल्या एकाही बैठकीच्या अजेंड्यावर मी पाहिलेला नाही. वस्तीवर काम करणारी महिला आरोग्य समिती नावाची गोष्ट राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात २०१३ पासून आहे, तिला वर्षाला ५,००० रुपयांचा निधी आहे. जिल्ह्याच्या मुख्यालयाच्या शहरातल्या किती मोहल्ल्यांत बायकांना ते ठाऊक आहे, हे प्रत्येकाने आपल्या घरात विचारून पाहावे.

सरकारलाही आपली आठवण एकाच वेळी येते. नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला लसीची मोहीम आली, उर्दू शाळांत अफवा पसरल्या आणि अधिकारी मौलानांना भेटू लागले. मशिदीतून आवाहन करा, मुलांना लस द्या. लस द्यायलाच हवी होती, त्या अफवा घातक होत्या, आणि ज्यांनी आवाहन केले त्यांनी चांगले काम केले. पण तेव्हा आपल्याला बोलायला सांगितले ते सरकारच्या वतीने. आपल्या वतीने बोलायला कोणी बोलावत नाही आणि आपणही ते मागत नाही. अधिकाऱ्याबरोबर फोटो निघाला की समाजाचे काम झाले अशी आपली समजूत. त्याच दिवशी एका मौलानांनी माइक हातात असताना विचारले असते की उपकेंद्राची किल्ली कोणाकडे असते, तर ते पाड्यावरच्या त्या बाईचेही काम झाले असते आणि मोहल्ल्याचेही. केंद्राच्या आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ च्या, आमच्या जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून जास्त मुले कमी वजनाची निघाली. वजनकाट्याला जात कळत नाही, जमात कळत नाही.

मागणी काय, असे कोणी विचारेल. आरोग्यावरची जनसुनावणी कायद्याने बंधनकारक करा, वर्षातून दोनदा, जिल्हाधिकारी अध्यक्ष आणि जिल्हा शल्यचिकित्सक व जिल्हा आरोग्य अधिकारी समोर. बोललेले बोलणाऱ्याच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय इतिवृत्तावर सही होऊ नये. प्रत्येक गाऱ्हाण्याला क्रमांक, जबाबदार अधिकाऱ्याचे नाव आणि तारीख. पुढची सुनावणी सुरू होईल ती मागचे उत्तर वाचून, आणि 'सुटले' असे म्हणायचा अधिकार ज्याने गाऱ्हाणे मांडले त्याचा. यातले काहीही खर्चिक नाही. पर्यावरणाच्या सुनावणीचा नमुना सरकारच्या कपाटात पडलेला आहे, त्यात 'कंपनी' हा शब्द खोडून 'आरोग्य विभाग' लिहावे.

कायदा व्हायला वेळ लागेल. तोवर आपल्या गावच्या किंवा शहरातल्या सरकारी दवाखान्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे एक अर्ज टाकता येतो. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून फाफटपसारा नको. रुग्ण कल्याण समितीच्या मागच्या तीन बैठकांची इतिवृत्ते, सदस्यांची नावे, आणि प्रत्येक सूचनेवर काय कारवाई झाली त्याच्या नोंदी, एवढेच मागा. अर्जाची पोच घ्या, त्यावर तारखेचा शिक्का आहे ना ते पाहा. आपाने मागच्या महिन्यात तिच्या दवाखान्यात टाकला आहे, मुदत संपायला अकरा दिवस बाकी आहेत.